न सांगता मारलेला वजीर

संगणकाशी बुद्धिबळ खेळायला बसता, तेव्हा तुम्ही नक्की कोणाला हरवायला बसता?

यंत्राला म्हणाल तर खोटं बोलताय. ते हरलं काय आणि जिंकलं काय, त्याला पत्ता नसतो. स्वतःला म्हणाल तर ते भाषणात ठीक आहे. हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवा होता. तो न विचारता मी एक पत्रक लिहिलं, आणि त्या पत्रकापायी माझ्या बाबांच्या हातून शाळेतली एक खोली गेली.

पत्रकांवरच मी वाढले. आई विड्या वळायची आणि विडी वळणाऱ्या बायकांच्या युनियनचं काम करायची. मराठी, तेलुगू, उर्दू अशा तीन लिप्यांतली पत्रकं घरात यायची. उरलेल्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. शाळेत घातलं त्याआधीच मला ‘कामगार बहिणींनो’ हे शब्द वाचता येत होते. त्यामुळे चीड आली की मी लिहायला बसते. ही सवय चांगलीच आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

बाबा मावल्याला भाजी काढतात. पालक, मेथी, अंबाडी, थंडीत कोबी. पहाटे माल आदिलाबादच्या मंडईत नेतात. नऊ-साडेनऊला लिलाव आटोपला की रिकाम्या कॅरेटवर कापडी पट पसरायचा आणि अकरापर्यंत खेळायचं, हे मी शाळेत जायच्या आधीपासून पाहत आले. खेळणारे सगळे कामाचे लोक. भाजीवाले, हमाल, जैनथच्या सवारीची वाट पाहणारा एक ऑटोवाला. मोहरे लाकडी, आणि एका काळ्या हत्तीच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच.

मंडईचे नियम पुस्तकातले नव्हते. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. शह मिळायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. जुनी देशी पद्धत, अनेक गावांत आहे. पण आमच्या मंडईत आणखी एक रीत होती आणि ती सगळ्यांत कडक होती. समोरच्याच्या वजिरावर नेम धरला की तोंडाने सांगायचं, “वजीर सांभाळा.” न सांगता वजीर मारला तर तो डाव मोजत नसत. समोरच्याचं लक्ष मेथीच्या गिऱ्हाइकाकडे गेलं म्हणून जिंकलात, तर त्यात तुमची अक्कल कुठे दिसली, असा सरळ हिशेब. त्या ऑटोवाल्याने एकदा न बोलता वजीर उचलला होता. पुढे कित्येक महिने त्याला ऐकून घ्यावं लागलं. “याच्या ऑटोत नका बसू बापा, न सांगता पुलावरच उतरवून देते.”

बाबा या मंडईतले सगळ्यांत चांगले खेळाडू. रविवारी ते आमच्या वस्तीजवळच्या शाळेच्या ओसरीत पोरांना शिकवायचे. तिथे मात्र पुस्तकातले नियम. पोरं उद्या बाहेर खेळायला गेली तर त्यांचं हसू होऊ नये म्हणून. चार वर्षं हे चाललं, आणि शाळेने ओसरी झाडून देण्यापलीकडे काही केलं नाही. मग शाळेने बुद्धिबळाचा तास वेळापत्रकात घ्यायचं ठरवलं. आठवड्याला दोन तास, त्यासाठी एक वेगळी खोली. त्या खोलीत शिकवायला कोण बसणार, एवढंच ठरायचं होतं. बाबांना ती खोली हवी होती. त्यांनी आयुष्यात फार गोष्टी मागितलेल्या मला माहीत नाहीत. ही मागितली होती. स्वच्छ शर्ट घालून हेडमास्तरांना भेटून आले होते.

तेवढ्यात गावातल्या एका कोचिंग क्लासचा मालक टॅबलेटची पेटी घेऊन शाळेत आला. प्रत्येक पोरासमोर एक टॅबलेट, टॅबलेटमध्ये बुद्धिबळ खेळणारं यंत्र, शिकवणाऱ्याची गरजच नाही. एक मुलगा पेटी उघडून देईल आणि तासाने बंद करून घेऊन जाईल. हेडमास्तर विचारात पडले. मी चिडले. आणि चिडल्यावर जे करते तेच केलं.

अर्धा कागद, जांभळी शाई, वर ठळक अक्षरांत ‘माणूस विरुद्ध यंत्र’. खाली लिहिलं की मावल्याचा भाजीवाला क्लासवाल्यांच्या यंत्राला जाहीर आव्हान देतो, जो जिंकेल तो पोरांना शिकवेल. बाबांना मी विचारलंही नाही. मंडईत, बस स्टँडवर, शाळेच्या फाटकाशी वाटून आले आणि मग घरी येऊन सांगितलं.

बाबांनी पत्रक दोनदा वाचलं. “हे मी कवा म्हणलो?”

“तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणाले.”

“मग यंत्राशी तूच खेळशील?”

मी म्हणाले की ते जिंकतील, मंडईत त्यांना कोण हरवतो. तेव्हा मला साधी माहिती नव्हती की आज कोणाच्याही खिशातल्या फोनवरचं यंत्र जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतं. म्हणजे ऐकलेलं होतं. पण पत्रक लिहिताना माणूस ऐकलेलं विसरतो.

क्लासवाला खूश झाला. त्याने दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला की शनिवारी शाळा सुटल्यावर, मैदानात, पडदा आणि माइक आमचा.

मग मी बाबांना सल्ला देऊ लागले. कुठेतरी वाचलं होतं की यंत्राशी खेळताना पट बंद ठेवावा. मध्ये प्याद्यांची भिंत उभी करावी, मारामारी टाळावी, मागे मागे सरकत राहावं. यंत्र दूरचा बेत ओळखत नाही, ते कंटाळून चुकतं. हा सल्ला एके काळी खरा असेल. यंत्रं अडाणी होती तेव्हाचा. आता तो देणारा मूर्ख असतो, आणि त्या शनिवारी ती मूर्ख मी होते. बाबांनी मुकाट ऐकून घेतलं. त्यांचा खेळ उघडा, धावता. घोडे पुढे काढून अंगावर जाणारा. मी त्यांना त्यांच्याच पटावर परक्यासारखं बसवलं.

शनिवारी मैदान भरलं. मंडईतले सात-आठ जण हात धुऊन आले होते. पालक होते. रविवारची पोरं पहिल्या रांगेत. मास्तरांच्या टेबलावर एकीकडे बाबांचा पट, तोच बूच असलेला, आणि दुसरीकडे लॅपटॉप. त्यावरचा पट मागच्या पडद्यावर दिसायचा. क्लासवाला यंत्राची चाल बघून बाबांच्या पटावर मोहरा सरकवायचा आणि बाबांची चाल लॅपटॉपवर घालायचा. तो आमच्यातलाच, मराठी दुकानदाराचा मुलगा. पण माइक हातात आला की हिंदीत बोलायचा.

“काका, घड्याळ लावू ना?” हे मात्र त्याने मराठीत आणि माइक बाजूला धरून विचारलं. “घाबरायचं नाही हं.”

“लाव बापा,” बाबा म्हणाले. “मंडईत बोली लावायले लोक चुटकीभर वेळ देत नाईत. तू तं मले अर्धा तास देऊन राह्यला.”

लोक हसले. बाबांच्या बाजूने हसणं तेवढंच झालं.

वीस-बावीस चाली भिंत टिकली. दोन्हीकडे मोहरे सारखे. मंडईवाले मान हलवत होते, मी ओठ चावत उभी होते आणि मनात पुढचं पत्रकही लिहायला लागले होते. मग यंत्राने एक घोडा पुढे टाकला. त्या घोड्याचा डोळा बाबांच्या कडेच्या प्याद्यावर होता. बाबांनी ते बघितलं, दाढीवरून हात फिरवला आणि ते प्यादं सांभाळायला दुसरं प्यादं पुढे केलं. घोडा हलल्यामुळे त्याच्या मागे बसलेल्या उंटाची तिरकी वाट मोकळी झाली होती. त्या वाटेच्या टोकाला बाबांचा वजीर उभा होता.

क्लासवाल्याने वजीर उचलला आणि टेबलावर आडवा ठेवला.

बाबा त्या वजिराकडे पाहत राहिले. मग वर बघून म्हणाले, “सांगतलं नाई तुमी.”

“क्या नहीं बताया?”

“वजीर.”

मंडईतल्या लोकांना कळलं होतं. उभ्या आयुष्यात या माणसाच्या वजिरावर कोणी मुक्याने हात टाकला नव्हता. डोळे पटावर आणि कान समोरच्याच्या तोंडाकडे, असे ते खेळत आले होते. पोरांना पुस्तकातला नियम शिकवणारा माणूस स्वतः कानाने खेळत होता, आणि हे त्यालाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

क्लासवाल्याने माइक तोंडाशी नेला. “चाचा, ये कंप्यूटर है, मंडी नहीं.”

मैदान हसलं. पालक हसले, शिपाई हसला. रविवारची पोरंही हसली. पोरांना मी दोष देत नाही. त्या माइकवाल्याला देते. डाव जिंकलेला होता, खोलीही जिंकलेली होती. त्यावर त्याला एका माणसाची लाजही हवी होती, आणि ती त्याने पडद्यावर दाखवून घेतली. यंत्राने एवढं मागितलं नव्हतं. यंत्राच्या आडून माणसं जे मागतात त्याचा मला राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय.

बाबांनी उरलेला डाव खेळला नाही. पट गुंडाळला, बूच खिशात टाकलं.

घरी मी लगेच कागद घेतला. ‘यंत्राचा अप्रामाणिकपणा’ असं वर लिहिलं. बाबांनी पाठीमागून बघितलं आणि म्हणाले, “खोडून टाक. ते नियमातच खेळलं. मी पाह्यलं नाई.”

आई चुलीशी होती. ती वळली नाही, पण बोलली. “पत्रक लिवतेस ना, मग त्यात आपलं नाव टाकायचं. बापाचं कायले टाकलं?”

“मला वाटलं—”

“तुले वाटलं म्हणून त्याले चारचौघांत उभं केलं. आमी युनियनमंदी होतो तवा संपाचं पत्रक काढायच्या आधी बायाले विचारत होतो. उपाशी त्याईले राहायचं असते.”

सोमवारी हेडमास्तरांनी खोली क्लासवाल्यांना दिली. ओसरीतला रविवारही संपला, कारण पोरं येईनात. चार पोरं एक रविवार आली, पुढच्या रविवारी एकही नाही. बाबा रिकाम्या ओसरीत तासभर बसून परत आले आणि अंबाडीच्या जुड्या बांधायला लागले.

आठ-दहा दिवसांनी मंडईत त्यांनी मला विचारलं, “तुह्या फोनात ते यंत्र घालता येते का?”

मी घाबरले. वाटलं, आता हे सूड घ्यायला बसणार. मी अशी माणसं बघितली आहेत. रोज यंत्राकडून वीस डाव हरतात, प्रत्येक डावाला चिडतात, शेवटी यंत्राची पातळी खाली आणून जिंकतात आणि हसतात. मला त्यांची कीव येत नाही, राग येतो. खालच्या पातळीवरचं यंत्र दुबळ्या माणसासारखं खेळत नाही. आठ चाली ते बिनचूक खेळतं आणि नवव्या चालीला मुद्दाम हत्ती फुकट देतं. त्या भिकेला विजय म्हणणाऱ्याने बुद्धिबळ सोडून दुसरं काहीतरी करावं. आणि पोरांना तर ती सवय लावूच नये. ती विचार करायचं सोडून देतात आणि हत्ती कधी मिळतो याची वाट पाहत बसतात.

बाबांना सूड नको होता. ते म्हणाले, “ते माणूस नाई, हे मले त्या दिवशी समजलं. काटा हाय तो. काट्याशी कोणी कुस्ती खेळते का?”

काट्याचं त्यांचं एक वेगळंच आहे. मंडईत इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हापासून ते माल थेट काट्यावर कधी टाकत नाहीत. आधी हातात घेतात, तोलतात, तोंडाने वजन बोलतात. मग काट्यावर ठेवतात. काट्याचा आकडा वेगळा आला तर पुन्हा हातात घेऊन बघतात. हात चुकला की काटा, हे एकदम ठरवत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ज्या दिवशी आधी काटा आणि मग हात होईल, त्या दिवशी हात मरेल, आणि मग काटेवाला सांगेल ते वजन.

त्यांनी यंत्राला तेच केलं. मंडईतला रोजचा एक डाव मी उतरवून घ्यायचे, चालीमागून चाल. ‘माणूस विरुद्ध यंत्र’ची उरलेली पत्रकं होतीच, त्यांच्या मागे. डाव संपला की बाबा आणि समोरचा गडी पट परत मांडायचे आणि आधी आपला अंदाज बोलायचे. कुठे डाव फिरला, कोणाचं बरं होतं, किती बरं होतं. हे सगळं कागदावर आलं की मगच मी फोन काढायचा. त्याआधी फोन खिशाबाहेर आला तर बाबा ओरडायचे.

यंत्र आकडा दाखवतं, पांढऱ्याला प्याद्याच्या किती हिश्श्याने बरं आहे तो. बाबांनी तो आपल्या मापात आणला, एक प्यादं म्हणजे एक शेर.

“मी अर्धा शेर म्हणलो होतो. ते काय म्हणते?”

“पावशेर.”

“हात चुकला. काऊन चुकला?”

आणि इथेच यंत्र मुकं होतं. ते चाल दाखवतं, आकडा दाखवतं. काऊन, म्हणजे का, ते सांगत नाही. ते शोधायला दोन माणसंच लागायची. एकदा एका साध्या हत्तीच्या चालीचं कारण शोधायला तीन दिवस गेले. दोन भाजीवाले, एक हमाल, आणि मध्येच “मेथी कशी दिली” विचारणारी गिऱ्हाइकं. तिसऱ्या दिवशी हमालाला दिसलं. तो इतक्या जोराने ओरडला की शेजारचा कांदेवाला भांडण झालं समजून धावत आला. फोन तेव्हा माझ्या खिशात होता.

दुसरी गोष्ट त्यांनी आपल्या एका जुन्या दुखण्यावरून शोधली. मंडईत डाव हातचा गेला की समोरचा उठून जातो, कामं असतात. त्यामुळे जिंकलेला डाव शेवटपर्यंत नेऊन संपवणं बाबांना कधी नीट आलंच नव्हतं. यंत्र उठून जात नाही. म्हणून ते एका हत्तीने आणि एका प्याद्याने वरचढ असलेला डाव मांडायचे, वरचढ बाजू आपण घ्यायचे, यंत्राला पूर्ण ताकदीवर ठेवायचे आणि म्हणायचे, आता मले जिंकू नको देऊ. पहिल्यांदा तो जिंकलेला डाव हातून गेला. पुढच्या बारा वेळांतही गेला. शेवटी त्यांनी यंत्राला मात दिली तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली म्हणून.

माझा राग अजून आहे, पण यंत्राचा हा एक गुण मी मान्य करते. ते लाजत नाही, दमत नाही, आणि तुमच्याबद्दल कुठे जाऊन काही सांगत नाही. त्याच्यासमोर हरायला हरकत नाही. हरकत आहे ती लोक गोळा करून हरवण्याला.

मग एके दिवशी बाबा त्या खोलीत गेले. शिकवायला नाही, बघायला. मीही होते. पोरं ओळीने बसली होती, प्रत्येकाची मान टॅबलेटात. खोलीत आवाज नव्हता. बुद्धिबळाच्या खोलीत शांतता असावी असं लोकांना वाटतं. पण ती शांतता विचार करणाऱ्यांची नव्हती. दर थोड्या वेळाने कोणीतरी हरत होतं, बोटाने एक बटण दाबत होतं आणि नवा डाव येत होता. पेटी उघडणारा मुलगा दाराशी फोन बघत होता.

जैनथकडून बसने येणारी एक मुलगी बाबांच्या रविवारी यायची. कापूसवाल्यांच्या घरची, ओसरीत सगळ्यांत जास्त भांडणारी. बाबा तिच्या मागे उभे राहिले. ती हरली. बटण दाबलं. परत हरली. बटण दाबलं.

“काऊन हरली गं?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाई.”

“कोणता मोहरा आधी गेला?”

तिने टॅबलेटाकडे बघितलं. तिथे नवा पट मांडलेला होता, सगळे मोहरे जागच्या जागी. “तो डाव गेला ना, आजोबा. आता दुसरा आला.”

“आज किती हरली?”

“मोजत नाई. मोजायचं नसते.” मग खालच्या आवाजात, “तुमी इथं काऊन नाई बसत? ओसरीत हरलं का तुमी भांडत होते आमच्याशी.”

बाबा तिच्या शेजारी खाली फरशीवर बसले, खिशातून डाव उतरवायचे ते कागद काढले आणि म्हणाले, “आता खेळ. पण हरल्यावर ते बटन दाबायचं नाई. आधी मले सांगायचं.” तासाच्या शेवटी ती एकच डाव हरली होती, आणि तो कुठे गेला यावर दोघं इतके जोरात भांडत होते की दाराशी बसलेल्या मुलाने फोन खाली ठेवला.

मी तिथूनच हेडमास्तरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. थकलेले आहेत. म्हणाले, “मैं क्या करूँ अम्मा, क्लासवालों को साल भर का लिख के दे दिया. पेरेंट्स की दरखास्त लाओ, दस्तख़त के साथ. एक कुर्सी मैं रखवा दूँगा.” संक्रांतीच्या सुट्टीआधी अर्ज त्यांच्या टेबलावर पाहिजे.

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला, दोन पानांचा, खणखणीत. या वेळी आधी घरी दाखवला. आईने वाचून परत दिला. “यात यंत्राले शिव्या कायले? सई करणाऱ्याचं पोट्टं त्याच यंत्रावर खेळून राह्यलं.” बाबा म्हणाले, “आन् माहं नाव काढ. मी बसीन नाई तं दुसरं कोणी बसीन. कोणीतरी बसलं पायजे.”

आता अर्ज अर्ध्या पानाचा आहे. त्यात लिहिलंय की टॅबलेट राहू द्या. आठवड्याला निदान एक तास त्या खोलीत खेळ जाणणारं एक माणूस बसू द्या. एक लाकडी पट ठेवा. मूल हरलं तर नवा डाव सुरू करण्याआधी, आपण कुठे हरलो हे त्याने आधी त्या माणसाला आपल्या तोंडाने सांगावं. आणि शाळेत पुन्हा कधी माणूस आणि यंत्र यांचा तमाशा मांडू नये. हे शेवटचं कलम माझं आहे, आणि ते माझ्याच विरुद्ध आहे.

काही पालकांनी सही दिली. काहींनी दार उघडून विचारलं, “जो माणूस मैदानात हरला तो काय शिकवणार?” त्यांना मी सांगितलं की तुमचं पोर त्या खोलीत रोज हरतंय आणि तुम्हाला तर ते माहीतही नाही. एकाने दार लावून घेतलं. एकीने पेन मागितलं. मंडईतल्या हमालाचा मुलगा त्याच शाळेत आहे. हमालाने अंगठा उठवला आणि शेजाऱ्यालाही हाताला धरून आणलं. तरी सह्या अजून कमी आहेत.

म्हणून हे छापायला देतेय. तुमचं मूल त्या शाळेत असेल तर सकाळी दहाच्या सुमाराला मंडईत या, भाजीच्या ओळीत पट मांडलेला दिसेल, अर्ज तिथेच आहे. वाचा, पटला तर सही करा. तुमचं मूल दुसऱ्या कुठल्या शाळेत टॅबलेटसमोर बसत असेल तर या आठवड्यात त्या खोलीत एकदा जाऊन उभे राहा, हरलेल्या पोराला कारण विचारा, आणि ते त्याला सांगता आलं नाही तर असाच अर्ध्या पानाचा अर्ज लिहून, शेजारच्या दोन घरांच्या सह्या घेऊन, तुमच्या हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवून या.